माझी किडनी तुला का चालली नाही?

दादा, तुझ्या दहाव्याला माझ्या हातातला माईक चालू होता आणि मला वाटलं तो बंद आहे.

झालं असं, की महाराजांचं प्रवचन संपलं. श्रद्धांजल्याही संपल्या. साखर कारखान्याचे एक माजी संचालक तुझ्यावर बोलायला उभे राहिले आणि स्वतःवर बोलून बसले. आता घरच्या माणसानं आभार मानायचे म्हणून कॉर्डलेस माईक माझ्याकडे आला. तेवढ्यात खालून हाक आली, "पिंडाला कावळा शिवंना, घरची माणसं या." मी तसाच माईक घेऊन नदीच्या कडेला उतरलो. कावळे होते की! समोरच्या बाभळीवर ओळीनं बसले होते, पण खाली एक उतरेना. मामांनी हात जोडले, "विलास, पोरीची काळजी करू नगंस, आम्ही हाय." कावळे ढिम्म. चुलते म्हणाले, "शेताचं पाणी आम्ही बघतो." तरी ढिम्म.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तू माझ्यासाठी अडून बसला होतास! दादा, खोटं कशाला बोलू, इतक्या दुःखातही मला आनंद झाला. सगळ्या भावकीत तुझा जीव अडकला तो माझ्यात. मी पिंडाजवळ वाकलो आणि अगदी तुझ्या कानात सांगावं तसं म्हणालो, "ये की रं आता. किती तानतोस? माझी किडनी न्हाई घेतलीस, वहिनीची घेतलीस. बरं, ऱ्हाऊ दे. मी रुसलो, तूबी रुसलास. पर ह्या लोकांपुढं तरी माझी इज्जत राख."

हे सगळं कर्ण्यातून घाटभर गेलं. नदीपलीकडं शिरूर तालुक्यातही गेलं असणार, कारण तिकडं उसात खुरपणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मग बायकांच्या घोळक्यातून सुनंदावहिनी बोलली. तिला माईकची गरज कधीच नव्हती. "भावजी, त्यांना तुमची किडनी नकु व्हती. तुमची तपासणी पायजे व्हती. करतो म्हणा सोनोग्राफी."

"करतो," मी म्हणालो. तेही कर्ण्यातून गेलं. आणि कावळा उतरला. कावळ्याचं मी फारसं मनावर घेत नाही. कर्ण्याचा खरखराट थांबला म्हणून उतरला असेल. पण सगळ्या पाहुण्यारावळ्यांसमोर मी सोनोग्राफी कबूल करून बसलो, ते काही आता मागं घेता येत नाही.

तर दादा, पंचक्रोशीला कळलंच आहे, मग इथं लिहायला काय लाजायचं? मी तुझ्यावर जळत होतो. अजूनही जळतो. तुझ्या अंत्यविधीला राहू गावापासून तळेगाव ढमढेरेपर्यंतची माणसं आली, आणि रडता रडता माझ्या मनात येऊन गेलं, माझ्या वेळी यातली निम्मी तरी येतील का?

तुझं जन्मापासूनच सगळं वेगळं. डावा हात कोपरापासून आखूड, मनगट आत वळलेलं, अंगठ्याची जागा कोरी. उजव्या हाताला अंगठा होता, पण शेंगेसारखा लोंबता, आत हाडाचा पत्ता नाही. सुईणीनं तुला पाहिलं आणि आईला विचारलं, "गिराणात काय चिरलं व्हतंस का गं?" आई घाबरून म्हणाली, "भोपळा." झालं. ग्रहणात चिरलेल्या त्या भोपळ्यानं आईला आयुष्यभर खाल्लं. तू तापलास, पडलास, परीक्षेत नापास झालास, तरी ती तोंडाला पदर लावून एकच म्हणायची, "माझ्यामुळं रं बाळा."

तुझ्यामागून मी आलो. सगळी बोटं जागेवर. माझ्यात बघण्यासारखं काही नव्हतं. आईनं एकदा मोजून घेतली आणि खाली ठेवलं, ते आजतागायत. तुझ्या सदऱ्यांची डावी बाही ती हातानं आखूड करायची, माझे सदरे म्हणजे तुझेच जुने, म्हणून मी शाळेत एक बाही लांब आणि एक आखूड घालून जायचो. तुला कोय धरता येत नाही म्हणून तुला आंब्याच्या फोडी, मला कोय. एका खोलीत दोन वर्ग भरायचे, त्यामुळे तू आणि मी एकाच गुरुजींच्या तावडीत. गृहपाठ दोघांचाही नसायचा. तुझ्या हातावर छडी मारायला त्यांचं मन होत नसे. ते म्हणायचे, "विलासच्या वाटणीच्या रम्याला." एकदा मी अंगठा तळव्याला सुतळीनं बांधून, बाही ओढून गेलो. म्हटलं, आज आपल्यालाही सवलत. गुरुजींनी सुतळी सोडली, माझं कौतुक केलं आणि दोन्ही हातांवर मारलं. तू इतका हसलास की तुला उचकी लागली. मग पाणी आणायला मलाच पाठवलं.

पुढं तू फेटे बांधायला लागलास. ज्याला अंगठा नाही त्यानं! कापडाचं एक टोक दातात, दुसरं त्या वळलेल्या मनगटात अडकवलेलं, आणि दोन बोटांच्या चिमटीत घडी अशी सरसर पडायची की बघत राहावं. वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला निघालेली पोरं आधी तुझ्याकडं येऊन डोकी पुढं करायची. लग्नघरातून पत्रिका यायच्या त्यावर नाव तुझं, आणि खाली 'सहकुटुंब', त्यात मी. एका लग्नात तू उशिरा येणार होतास, म्हणून मी छाती पुढं काढून मुलीच्या मामांचा फेटा बांधला. ऐन मंगलाष्टकांत तो सुटला. मामांनी नवरीला दोन्ही हातांनी धरलेलं, फेटा डोळ्यांवरून घसरत नवरीच्या मुंडावळ्यांत गुंतला, आणि मामा आंधळ्यासारखे 'सावधान'ची वाट बघत उभे. तू मांडवातून पळत आलास आणि पुढचं कडवं संपायच्या आत फेटा परत बांधलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेवाला वाटलं त्याच्यासाठीच.

त्या दिवशी पंगतीत मी कुरकुरलो, "माझ्या बोटात पीळच धरत न्हाई." तू माझा उजवा हात उलटा करून बघितलास. अंगठा करंगळीला टेकवायला सांगितलंस. टेकेना. "रम्या, ह्यो वळत का न्हाई रं?"

"तुला न्हाई म्हणून माझ्याला नावं ठिवू नगंस," मी म्हणालो आणि जिलेबी उचलायला गेलो. ती पानाबाहेर पडली.

तुझं लग्न झालं, पोरगी झाली, आणि तुझे पाय सुजायला लागले. सकाळी डोळ्यांखाली पिशव्या. लघवीला फेस. अंगाला खाज, जिन्याच्या चार पायऱ्यांत धाप, आणि ज्या माणसानं कधी भाकरीला नाही म्हटलं नाही त्याला जेवण नको वाटायला लागलं. कुणी पित्ताच्या गोळ्या दिल्या. कुणी रक्तदाब मोजून सांगितलं, टेन्शन घेऊ नका. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तुझे सुजलेले पाय बघायच्या आधी तुझे हात हातात घेतले आणि विचारलं, "लहानपणी कुणी पोटाची सोनोग्राफी केली नव्हती?"

कोण करणार? हात डोळ्यांना दिसत होता. दिसतं तिथं लोक हळहळले, देव-देव केले, पोटात कुणी डोकावलं नाही. उजवी किडनी जन्मापासून नव्हतीच. डावी होती ती अक्रोडाएवढी, तीही थकलेली. आजाराचं नाव इतकं लांब होतं की मी ते सांगायला लागलो की लोक मध्येच दुसरा विषय काढायचे. तू ते तुझ्या रांजणगावच्या कंपनीतल्या भाषेत आणलंस. "आईच्या पोटात हात आन् किडन्या एकाच शिफ्टला बनत्यात. त्या दिवशी शिफ्टच बिघडली, रम्या. कामगारांनी आर्धाच माल पॅक केला." बाई असंही म्हणाल्या, की हे रक्तातून येतं. घरात एकाला भरभरून मिळतं, दुसऱ्याला चिमूटभर, कळतही नाही. तू पोरीची तपासणी त्याच आठवड्यात करून घेतलीस, ती ठणठणीत निघाली. बाईंनी आईलाही जवळ बसवून समजावलं, की ग्रहणाचा, विळीचा, भोपळ्याचा याच्याशी काही संबंध नाही. आई बाहेर येऊन म्हणाली, "त्यांनी काय भोपळा बघितला व्हता व्हय?"

मग डायलिसिस. दौंडला तुला गाडीवर मागं बसवून नेणारा मी, थांबणारा मी, आणि तुझं मेतकूट कुणाशी? शेजारच्या बेडवरच्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांशी. तुम्ही दोघं आठवड्यात कमी पाणी कोण पितो याच्या पैजा लावायचा. खिडकीतून मला तुम्ही हसताना दिसायचा. मी बाहेर बाकावर तुझी चप्पल आणि टॉवेल सांभाळत बसायचो. एकदा तर वाटलं, आपणही आत जाऊन पडावं, निदान गप्पांत तरी घेतील.

आणि मग किडनी बदलायची वेळ आली. मला वाटलं, आली आपली पाळी. मी तपासणीची तारीख घेतली आणि त्याआधी गावभर सांगून मोकळा झालो. न्हाव्याकडे, सोसायटीत, दूध डेअरीवर. लोक मला चहा पाजायला लागले. सरपंच म्हणाला, "रमेशराव, तुमचा सत्कार करू." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी राव म्हटलं. तेवढ्यात वहिनीची तपासणी झाली, तिची जुळली, आणि तू डॉक्टरांना सांगितलंस, "हिचीच घ्या."

"माझी का नको?" मी विचारलं.

"तुझी बसवली तर मीबी तुझ्यासारखा चालता चालता पडाया लागंन."

सगळे हसले. वहिनी हसली, आई हसली, नर्स हसली. मी पण हसलो, आणि बाहेर जाऊन जिन्यात बसलो. सत्कार झाला, वहिनीचा. शाल तिला, नारळ तिला. मी खुर्च्या मांडल्या.

पुढं तू बरा झालास. पुन्हा फेटे, पुन्हा लग्नं. आणि मग पारगावच्या पुलावरचं ते भांडण. तू गाडी थांबवायला लावलीस आणि म्हणालास, "रम्या, तू एकदा सोनोग्राफी करून घे."

"आता कशाला? माल पसंत न्हाई तर वजन कशाला करतोस?"

"तुझ्यासाठी. तुझा अंगठा मला बरा वाटत न्हाई. आन् आईसाठी. तुझ्यात जर काय निघालं, तर तिला पटंल का त्यो भोपळा न्हवता."

"म्हंजी माझ्यात खोट निघावी म्हणून तू देव पाण्यात घालून बसलायस?"

तू थोडा विचार केलास. "व्हय," म्हणालास. "जराशी निघावी. लई न्हाई."

आणि हसलास. दादा, मला ते हसणं असं झोंबलं! म्हणजे आई तुझी, भोपळा तुझा, त्यातून तिला सोडवायचं पुण्यही तुझं, आणि माझ्याकडं काय, तर फक्त खोट? मी गाडीला किक मारली आणि तुला पुलावर सोडून निघून गेलो. बरंच पुढं गेल्यावर आठवलं की गाडी तुझी होती. परत आलो तेव्हा तू कठड्याला टेकून शेंगा खात उभा होतास. कुणी दिल्या शेंगा? तुला कुठंही, कुणीही, काहीही द्यायचं.

त्यानंतर तो विषय तू दर दिवाळीला काढायचास आणि मी दर दिवाळीला रुसायचो. बरीच वर्षं वहिनीची किडनी तुझ्यात गुण्यागोविंदानं नांदली. या खेपेला ताप आला तो छातीत उतरला आणि उतरलाच नाही. शेवटच्या दिवशी तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तू माझ्या हाताकडं बोट केलंस आणि काहीतरी बोललास. मला वाटलं, मोसंबी मागतोयस. मी सोलायला घेतली, ती निसटली आणि खाटेखाली गेली. मी खाटेखालून डोकं वर काढलं तेव्हा तू मास्कच्या आत हसत होतास. संध्याकाळी गेलास. वहिनी म्हणते, तू सोनोग्राफीच म्हणत होतास. मी म्हणतो, मोसंबी. हा वाद मिटवणारा एकच माणूस होता.

आता मी जळू कुणावर? भावकीत तेवढ्या लायकीचा कुणी उरला नाही. परवा एका लग्नात फेटे बांधायला भाड्यानं पोरं आणली होती. दहा बोटं, दहाही धड, आणि फेटे असे, जणू डोक्याला मार लागलाय. मला तुझा इतका अभिमान वाटला की मी न जेवता उठलो. हे तुला जिवंतपणी सांगितलं असतं तर तू मला आयुष्यभर चिडवलं असतंस, म्हणून सांगितलं नाही. तुझा तो आखूड हात आपण गाडीवर असताना माझ्या खांद्यावर असायचा. घट्ट धरता यायचं नाही, नुसता टेकलेला असायचा. त्या खांद्यावर कुणी हात ठेवला की मला अजून वाटतं, दौंडला निघायला उशीर होतोय.

तेराव्यानंतर वहिनीनं मला शिरूरला नेलं. तिचा माझ्यावर भरवसा नाही, ती केंद्राच्या दारापर्यंत आली. आत सगळ्या गरोदर बायका आणि त्यांच्यात मी, पोट पाण्यानं तट्ट फुगलेला. समोर भिंतीवर पाटी, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' शेजारची बाई माझ्याकडं बघून पदरात हसली. शेवटी नंबर आला. डॉक्टरांनी उजवीकडं यंत्र फिरवलं, म्हणाले, "मोठी आहे." मी खूश. मग डावीकडं गेले. फिरवलं, दाबलं, कुशीवर वळवलं, परत फिरवलं.

"डावी कुठंय?"

"असंल की इथंच," मी म्हणालो. "मी कुठं कुणाला दिली न्हाई."

"नाही. जन्मापासूनच नाही. एकटी उजवी दोघींचं काम करतेय, म्हणून मोठी झालीय." मग त्यांनी घरात कुणाला काही होतं का विचारलं. मी तुझं सांगितलं. त्यांनी माझा अंगठा धरला, करंगळीला टेकवायला लावला, तळव्याचा उंचवटा चाचपला. तिथं तो जवळजवळ नव्हताच. सपाट. आयुष्यभर माझ्या हातून कपबशा फुटल्या, फेटे सुटले, मोसंबी निसटली, ते सगळं त्या सपाट जागेतून निसटत होतं.

दादा, मी टेबलावर पडल्यापडल्या हसायला लागलो. पोट भरलेलं असताना हसू नये हे मला तिथं कळलं. जी किडनी तू घेतली नाहीस म्हणून मी इतकी वर्षं तुझ्याशी भांडलो, ती द्यायला माझ्याकडं नव्हतीच! आणि त्याचा पहिला धागा तुला पंगतीत जिलेबी खातानाच सापडला होता. तुझ्यातलं चिमूटभर मलाही मिळालं होतं, हे कळल्यावर मला काय वाटावं? भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, चला, आपणही खरे भाऊ.

घरी आलो. आई ओट्यावर मटकी निवडत बसली होती. मी शेजारी बसलो. "आई, मला एकच हाय."

"काय?"

"किडनी. जन्मापासनं. आन् अंगठाबी अर्धाच हाय. दादाला व्हतं तेच, थोडं कमी."

आईनं मटकीतून हात काढला आणि माझा हात घेतला. लहानपणी एकदाच मोजला होता, तो आता नीट पाहिला. बराच वेळ ती त्या अंगठ्यावरून बोट फिरवत होती.

"तुझ्या येळंलाबी गिराण लागलं व्हतं," ती म्हणाली. "सासूबाईंनी मला आतल्या खोलीत निजवलं. सुई न्हाई, इळी न्हाई, पाण्याचा घोट न्हाई. कूसबी वळू दिली न्हाई."

"हां."

"मंग तुला कशानं झालं?"

"तेच सांगतुया आई. रक्तातच व्हतं. भोपळ्यानं न्हाई झालं."

"भोपळ्यानं न्हाई?"

"न्हाई."

मग तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली. तू गेल्यापासून ती रोज रडते, पण दादा, त्या दिवशी ती नुसतं "विलास, विलास" म्हणाली. पुढचं 'माझ्यामुळं रं' आलं नाही. मी कान देऊन वाट बघत होतो. आलं नाही.

डोळे पुसून ती म्हणाली, "त्याला ह्ये ऐकाया मिळायला पायजे व्हतं."

मी तिच्या मटकीतले खडे वेचायला लागलो. वहिनी चहा घेऊन बाहेर आली. म्हटलं, "वहिनी, माझ्या पोरांची तपासणी उद्या करून आणतो. आन् डॉक्टर म्हणलं, मलाबी आता दरसाल तपासावं लागंल. मीठ कमी, दुखण्याच्या गोळ्या बंद, ताप आला की लगीच दवाखाना. दादाला जपत व्हता तसंच मलाबी आता जपाया लागंल बरं का."

वहिनीनं कप माझ्या डाव्या हातात दिला, मग तिथून काढून दोन्ही हातांत धरायला लावला, आणि म्हणाली, "भावजी, दुसऱ्याचं बघून किती करायचं माणसानं? आजार तरी सोताचा आणायचा व्हता."